परसदारी गडगा, घरी आरोग्य

वाचकहो, “घराभोवती पाणी साचू देऊ नका” हे वाक्य या सदरात मी किती पावसाळे लिहीत आलो आहे, याची मोजदाद नाही. दवाखान्यात तर ते दिवसातून दहा वेळा तोंडून जाते. म्हणूनच आजचा लेख थोड्या संकोचाने लिहीत आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये माझ्या पत्नीला डेंग्यू झाला. दोन दिवसांनी आरोग्यसेविका घरोघरच्या पाहणीसाठी आमच्याकडे आल्या. पुढचे अंगण, टाकी, फ्रिजमागचा ट्रे पाहून झाल्यावर त्या मागच्या दाराने परसात गेल्या आणि पाचच मिनिटांत त्यांनी मला हाक मारली. “डॉक्टर, जरा इकडे येता का?”

उतारावर अंथरलेल्या निळ्या प्लॅस्टिकच्या घडीत तांब्याभर पाणी साचले होते. बाईंनी त्यावर विजेरीचा झोत धरला. पाण्यात अळ्या वळवळत होत्या. शेजारच्या दोन करवंट्यांत आणि एका फुटक्या कुंडीतही तोच प्रकार. बाई काही बोलल्या नाहीत, वहीत नोंद केली. त्यांच्या त्या न बोलण्याने मला जास्त लाज वाटली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा!

पत्नीला चार दिवस रुग्णालयात ठेवावे लागले. ताप उतरला तेव्हा घरच्यांना हायसे वाटले; मला मात्र खरी काळजी तेव्हाच होती. डेंग्यूत ताप उतरू लागतो तोच काळ जपायचा असतो. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, फार मरगळ, हातपाय गार पडणे, यांपैकी काहीही दिसले तर घरी थांबू नये. तापासाठी पॅरासिटामॉल तेवढे घ्यावे. अंगदुखीसाठी अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नये, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. पत्नी सुखरूप घरी आली. त्या रात्री मी ठरवले, हे परसदार आता आपल्या हाताने सुधारायचे.

पडलेल्या भिंतीची गोष्ट

आमचे परस इतके दुर्लक्षित कसे झाले, तेही सांगितले पाहिजे. घर डोंगराच्या कुशीला आहे. मागची जागा चाळीस फूट लांब, पंचवीस फूट खोल आणि मागे चढत गेलेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच फुटांचा चढ. माती घसरू नये म्हणून फार वर्षांपूर्वी आम्ही चिऱ्यांची, सिमेंटात बांधलेली पाच फूट उंच भिंत घालून घेतली होती. दिसायला भक्कम. परंतु पाणी बाहेर पडायला तिला एकही भोक ठेवलेले नव्हते. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. ते पाणी मातीत मुरून भिंतीमागे साठत गेले आणि २०१९ च्या पावसाळ्यात एका पहाटे भिंत आडवी झाली. ज्या धोंडीवर पत्नी रोज सकाळी भांडी घासते, तिच्यावरच चिरे येऊन पडले होते. दोन तास उशिरा पडली असती तर काय झाले असते, हा विचार आजही नकोसा वाटतो.

मग आम्ही काय केले? जे सगळे करतात तेच. घसरणाऱ्या मातीवर प्लॅस्टिक अंथरले आणि “दिवाळीनंतर बघू” म्हटले. तीन दिवाळ्या गेल्या. चिऱ्यांच्या ढिगावर रानमोडी वाढली, ढिगात उंदीर आले, उंदरांमागे साप आले. आम्ही मागचे दार लावून घेतले. आणि त्याच प्लॅस्टिकच्या घडीत डासांनी अंडी घातली. भिंत पाडली ती तुंबलेल्या पाण्याने आणि डास वाढवले तेही तुंबलेल्या पाण्याने. दोन्ही दुखण्यांचे कारण एक, तर औषधही एकच असणार, हे तेव्हा प्रथम लक्षात आले.

पाण्याला वाट द्या

गावात गडगे घालणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत. वय सत्तरीच्या पुढे, माझे जुने रुग्ण. त्यांना घेऊन मी परस दाखवले. त्यांनी पडलेल्या भिंतीकडे पाहिले आणि म्हणाले, “डॉक्टर, तुम्ही पाण्याला अडवलंत. पाण्याला वाट द्या, नायतर ते आपली वाट काढतं.” सिमेंट नको, गडगाच घाला, असे त्यांचे मत पडले. गडगा म्हणजे चुना-सिमेंट न वापरता नुसते दगड रचून घातलेली भिंत. तिच्या सांध्यासांध्यांतून पाणी झिरपून जाते, मागे दाब साठत नाही. कोकणातल्या बागांतून असे गडगे पिढ्यान् पिढ्या उभे आहेत.

त्यांनी तीन दिवस माझ्याबरोबर काम केले, मला पद्धत शिकवली आणि मग “आता तुमचं तुम्ही करा” म्हणून निघून गेले. त्यांनी सांगितलेले आणि मी करून पाहिलेले नियम असे आहेत.

एकच उंच भिंत घालण्याऐवजी दोन ठेंगण्या घालाव्यात. आम्ही अडीच-अडीच फुटांचे दोन गडगे घातले आणि मध्ये आठ फुटांची सपाट पायरी ठेवली. खालच्या गडग्याच्या उंचीच्या दुप्पट तरी अंतर मध्ये असावे, नाहीतर वरच्याचा भार खालच्यावर येतो.

पायासाठी घट्ट मुरूम लागेपर्यंत खणावे. आमच्याकडे तो फूटभर खाली लागला. सर्वांत मोठे दगड तळाला, जमिनीखाली गाडलेले. पायाशी रुंदी उंचीच्या निम्म्याहून कमी नको. आम्ही दीड फूट ठेवली. गडगा सरळ उभा न घालता डोंगराकडे कलता घालावा, दर फुटाला सुमारे दोन इंच. सांध्यावर सांधा येऊ देऊ नये. दोन दगडांच्या सांध्यावर वरचा दगड बसला पाहिजे. मधून मधून एखादा लांब दगड आडवा, मागच्या मातीत शिरेल असा घालावा. तो गडग्याला धरून ठेवतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गडग्याच्या मागे थेट माती लोटू नये. आधी फूटभर जाडीचा लहान दगडांचा आणि खडीचा थर, त्यामागे माती. पाणी या थरातून खाली उतरते आणि पायाशी बाहेर पडते. वरच्या गडग्याच्याही मागे, डोंगराच्या बाजूला, एक चर खणून डोंगरावरून येणारे पाणी कडेने गटाराकडे काढून द्यावे. चराला दहा फुटांमागे इंच-दीड इंच उतार पुरतो. मात्र आपले पाणी शेजाऱ्याच्या भिंतीवर सोडू नये. त्याने भिंतही बिघडते आणि शेजारही!

एक इशारा येथेच देतो. हे सारे कमरेएवढ्या उंचीपर्यंतचे काम आहे. चढ त्याहून मोठा असेल, वर घर वा रस्ता असेल, जमिनीला भेगा पडल्या असतील, झाडे किंवा खांब कलले असतील, तर अभियंत्याला दाखवल्याशिवाय कुदळ मारू नये. जागा वाढवण्यासाठी डोंगर उभा कापणे तर मुळीच नको. २०१४ मध्ये पुणे जिल्ह्यातील माळीण आणि २०२१ मध्ये महाडजवळचे तळिये या गावांवर काय ओढवले, ते आपण विसरू शकत नाही. पावसात डोंगर सुटला की माणसाला पळायलाही वेळ मिळत नाही.

कंबर, पाऊल आणि घाम

नोव्हेंबर २०२२ मध्ये काम सुरू झाले. तिसऱ्याच दिवशी मी एक चिरा पाठ वाकवून उचलला. अखंड चिरा पंचवीस-तीस किलोच्या घरात जातो. कंबरेत कळ आली ती आठ दिवस राहिली. दवाखान्यात खुर्चीत वाकडा बसलेला पाहून एक आजी म्हणाल्या, “डॉक्टर, आज मी तुम्हाला तपासू काय?”

तेव्हापासून मी शहाणा झालो. ओझे उचलताना गुडघे वाकवून खाली बसावे, दगड अंगाजवळ धरावा, पायांच्या जोरावर उठावे. ओझे हातात असताना कंबरेतून वळू नये, पावले टाकून पूर्ण अंग वळवावे. मोठा दगड उचलायचा नसतो, पहारीने ढकलायचा असतो. घमेले अर्धेच भरावे. अर्ध्या घमेल्याने काम उशिरा होते, पण होते.

मला स्वतःला मधुमेह आहे, त्यामुळे पायांची काळजी दुहेरी. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असते. काटा रुतला, दगड लागला तरी कळत नाही आणि जखम चिघळते. म्हणून अनवाणी काम नाही. पायात गमबूट, हातांत जाड मोजे, आणि काम संपल्यावर पाय धुऊन, कोरडे करून तळवे रोज पाहायचे. धनुर्वाताची लस घेऊन दहा वर्षे झाली असतील तर काम सुरू करण्यापूर्वीच घ्यावी. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा हर्निया असणाऱ्यांनी दगड उचलण्याचे काम दुसऱ्याकडे सोपवावे आणि आपण रोपे लावावीत. काम करताना छातीत दडपण आले, डाव्या हातात वा जबड्यात कळ आली, तर ती दगडांची कळ आहे असे समजून बसू नये; ताबडतोब रुग्णालय गाठावे.

रोज सकाळी पाऊण तास, आठवड्यातून पाच दिवस, असा माझा क्रम होता. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करायला सांगते. माझा तो परसातच झाला. मे महिन्यापर्यंत वजन चार किलोंनी उतरले, साखरही आधीपेक्षा बरी आली. गोळ्या मात्र चालूच आहेत, हे स्पष्ट सांगतो; नाहीतर उद्या कोणी गोळ्या टाकून कुदळ घेऊन येईल!

दगडाखाली हात घालण्यापूर्वी

जुना ढीग उपसताना दोन विंचू आणि एक फुरसे निघाले. जांभ्याच्या सांदीत ही मंडळी हमखास असतात. म्हणून दगडाखाली हात घालायचा नाही. दगड आधी पहारीने आपल्या विरुद्ध बाजूला उलटायचा, पाहायचे, मग हात लावायचा. अंधारात काम करायचे नाही.

विंचू चावला आणि नंतर भरपूर घाम, उलट्या, हातपाय गार, धडधड अशी लक्षणे दिसली, तर मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नये. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि कोकणातले असंख्य जीव त्यामुळे वाचले. परंतु औषध मिळण्यासाठी रुग्ण वेळेवर पोहोचला पाहिजे. साप चावल्यास जखम कापू नये, चोखू नये, घट्ट दोरी बांधू नये. चावलेला हात वा पाय हलू देऊ नये, रुग्णाला चालवू नये आणि सरळ सरकारी रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर आपल्याकडील प्रतिविष चालते.

नवा गडगा घातला की त्याच्याही सांदी राहतात. त्या दगडाच्या कपच्या ठोकून बुजवाव्यात. पाणी तरीही झिरपते. सरपण, नारळाच्या झावळ्या, जुने पत्रे गडग्याला टेकवून ठेवू नयेत. उंदरांना आसरा मिळाला नाही तर साप येण्याचे कारणच राहत नाही. उंदरांचे आणखी एक देणे म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. उंदराच्या मुतातले जंतू साचलेल्या पाण्यातून आणि चिखलातून पायाच्या जखमेवाटे शरीरात शिरतात. पावसाळ्यात चिखलात उतरणाऱ्यांनी जखमा झाकाव्यात, बूट घालावेत. चिखलात काम केल्यावर ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर चिखलात काम केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. लवकर उपचार झाल्यास हा आजार बरा होतो. उशीर झाला तर मूत्रपिंडे आणि यकृत धोक्यात येतात.

काय लावावे

परसाचा सपाट भाग झाला म्हणजे पत्नीचे राज्य सुरू झाले. वरच्या गडग्याच्या माथ्यावर तिने वाळा लावला. वाळ्याची मुळे बाजूला न पसरता सरळ खोल जातात, माती धरून ठेवतात आणि दगड उचकटत नाहीत. त्याच ओळीत गवती चहा. मधल्या पायरीवर हळद, आले, मायाळू आणि वेलीच्या भाज्या. न्हाणीच्या पाण्यावर अळू आणि केळ, आपल्या आज्या लावत तशीच. मात्र त्या पाण्याचे डबके होऊ न देता चर काढून ते झाडांच्या बुंध्यात मुरवले आहे. कडेला शेवगा आणि कढीपत्ता लावला, पण गडग्यापासून लांब. मोठ्या झाडांची मुळे गडगा फोडतात. पिंपळ, वड, उंबराचे रोप गडग्यात उगवलेले दिसले तर दोन पानांचे असतानाच उपटावे.

कुंडीखालच्या बशा आम्ही काढून टाकल्या. विहिरीत आरोग्य खात्याने दिलेले गप्पी मासे सोडले. आणि दर रविवारी कोरडा दिवस. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा सर्व भांडी रिकामी केली की त्याची साखळी तुटते. परंतु नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरड्यातही महिनोन् महिने टिकतात. भांडे आतून घासलेच पाहिजे. हा डास दिवसा चावतो हेही विसरू नये. परसात काम करताना अंगभर कपडे घालावेत.

परीक्षा

जुलै २०२३ मध्ये सलग तीन दिवस पाऊस कोसळला. तिसऱ्या रात्री मला झोप लागेना. पत्नी म्हणाली, “अहो, उठून बघून तरी या.” मागच्या दारातून विजेरीचा झोत टाकला. दोन्ही गडगे जागेवर होते. खालच्या गडग्याच्या पायाशी पन्नास ठिकाणी पाणी पाझरत होते, स्वच्छ, गाळ नसलेले. चरातून डोंगराचे पाणी खळखळत गटाराकडे चालले होते. परसात कुठेही डबके नव्हते. मी दार लावून घेतले आणि झोपलो.

सगळेच उत्तम झाले असे नाही. एका कोपऱ्यात दोन हात लांबीचा गडगा पोटाळून पुढे आला. तेथे मी घाईत मागे खडी न भरता माती लोटली होती. दिवाळीनंतर तो तेवढा उतरवून पुन्हा घातला. गडग्याची हीच सोय आहे, चुकले तेवढेच उतरवता येते. पुढच्या पावसाळ्यांतही तो उभा राहिला. आरोग्यसेविका पुन्हा आल्या तेव्हा त्यांनी सगळे परस पाहिले आणि वहीत नोंद केली. जाताना मात्र म्हणाल्या, “डॉक्टर, अळू छान आलंय.” पत्नीने त्यांना जुडी बांधून दिली.

वाचकहो, प्रत्येकाला गडगा घालावा लागेल असे नाही. प्रत्येकाकडे डोंगरही नाही. पण घराच्या मागे, जिन्याखाली, गच्चीवर, दुकानाच्या पाठीमागे आपण ज्या जागेकडे पाहायचे टाळतो अशी एक जागा बहुतेकांकडे असते. येत्या रविवारी विजेरी घेऊन तेथे जा. पाणी कुठे थांबते आहे ते पाहा. जे रिकामे करता येईल ते रिकामे करा, ज्याला वाट काढून देता येईल त्याला वाट काढून द्या. १६ मे हा राष्ट्रीय डेंग्यू दिन असतो. त्या तारखेच्या आत परस साफ झाले की पावसाला तोंड द्यायला आपण तयार. आणि दगड उचलणार असाल तर गुडघे वाकवून उचला, एवढे माझ्या कंबरेकडे पाहून तरी ऐका.